दारात कोण उभं होतं?

गेल्या वर्षी माझ्या आत्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. आत्या भोर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय त्र्याहत्तर, तब्येत काटक, कान तिखट. इस्पितळ पुण्यातलं. त्याचं नाव सांगत नाही, कारण जे झालं त्यात त्यांच्यापेक्षा माझी चूक जास्त होती. तपासण्या झाल्या त्या दिवशी आमच्या हातात एक कागद दिला गेला. त्यावर इंग्रजीत तीन अक्षरं होती, एनबीएम. म्हणजे आदल्या रात्रीपासून तोंडावाटे काहीही घ्यायचं नाही. मी तो कागद वाचला, आणि आत्याला कळेल अशा भाषेत सांगावं म्हणून आदल्या संध्याकाळी फोनवर म्हणालो, "आत्या, उद्या सकाळी उपास आहे असं समज हं."

सकाळी साडेआठला सिस्टरनी विचारलं, "आजी, काही खाल्लं नाही ना?"

"छे गं, उपास आहे ना मला. वाटीभर साबुदाण्याची खिचडी आणि कपभर चहा घेतला फक्त. पहाटे निघायचं होतं, पित्त होतं मला."

ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. सिस्टर वैतागल्या. "उपाशी यायला सांगितलं होतं ना!" आत्याही वैतागली. "उपाशीच आलेय की!" दोघी आपापल्या जागी खरं बोलत होत्या. भूलतज्ज्ञांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की भूल दिल्यावर पोटातलं अन्न वर येऊन श्वासनलिकेत गेलं असतं तर जिवावर बेतलं असतं. मला एकाच विचारानं घाम फुटला. सिस्टरनी "उपास आहे ना?" एवढंच विचारलं असतं, तर आत्या "हो" म्हणाली असती आणि तिला आत नेलं असतं. खिचडीचा उल्लेख तिनं आपणहून केला, म्हणून ती वाचली.

दुपारी घरी आल्यावर आत्या बराच वेळ गप्प होती. चारचौघांत आपण अडाणी ठरलो, हे तिला लागलं होतं. मग चहा घेताना म्हणाली, "आमची आजी म्हणायची, दवाखान्याच्या माणसाला कधी सगळं सांगू नये. सांगितलं की घेऊन जातात."

"कुठे घेऊन जातात?"

"प्लेगात न्यायचे तसं."

तिच्या आजीचं लहानपण प्लेगात गेलेलं. घरात उंदीर पडला की भांडीकुंडी उचलायची आणि रानात झोपडी घालून राहायचं, एवढं तिला आजीकडून आलेलं. उंदीर 'मरत' नसत, 'पडत'. आत्यानं तो शब्द इतक्या सहज वापरला की जणू कालची गोष्ट असावी. सव्वाशे वर्षांपूर्वीचा तो धडा, दवाखान्याच्या माणसाला सगळं सांगू नये, माझ्या स्वयंपाकघरात बसून चहा पीत होता. तो कुठून आला असेल, हे शोधण्यासाठी मी प्लेगाची जुनी हकिगत पुन्हा वाचायला घेतली. आधीही वाचली होती, पण रँडचा खून आणि चापेकर बंधू यांच्यासाठी. या वेळी मी इस्पितळाच्या खाटेवरून वाचली.

*

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांना तापानं आणि जांघेतल्या गाठींनी माणसं मरताना दिसली. हा प्लेग आहे, असं त्यांनी उघडपणे सांगितलं. मांडवी म्हणजे गोदीलगतची धान्याची कोठारं, आणि कोठारं म्हणजे उंदीर. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात म्युनिसिपल कमिशनरांनी हुकूम काढला. संशयित रुग्णाला घरातून हलवायचं, गरज पडल्यास बळानं, आणि घर धुऊन काढायचं.

रुग्णांना आर्थर रोडच्या इस्पितळात नेत. आजचं कस्तुरबा रुग्णालय ते हेच. मुंबईतल्या गिरणगावाला इस्पितळ ही गोष्ट तोवर फारशी ओळखीची नव्हती. माणूस आजारी पडला की तो घरी असे, फार तर गावी जाई. इस्पितळात जात ते ज्यांना कोणी नाही असे लोक, आणि ते बहुधा परत येत नसत. प्लेगाचा रुग्ण तर तिथे पोहोचेपर्यंतच अर्धा गेलेला असे. नातेवाइकांना दिसे ते एवढंच: चालता-बोलता माणूस गाडीत घालून नेला, आणि दोन दिवसांनी त्याचा मृत्यू झाल्याचं कळलं. मधल्या दोन दिवसांत काय झालं हे सांगणारं कोणीच नव्हतं.

मग लोकांनी ती मधली जागा स्वतः भरून काढली. इस्पितळात माणसाच्या अंगातून 'मोमियाई' नावाचं तेल काढतात, अशी बोलवा उठली. त्याच महिन्यात राणीच्या पुतळ्याला कोणी तरी डांबर फासलं होतं. त्याचा सूड म्हणून राणीनं माणसांची काळजं मागवली आहेत, असंही लोक बोलू लागले. आज हे वाचताना आपल्याला हसू येतं. पण या अफवा नीट ऐकल्या तर त्यांत एक हिशेब आहे. आमची माणसं तुम्ही नेता, ती परत देत नाही, आणि आम्हाला आत येऊ देत नाही. त्याअर्थी ती तुम्हाला कशासाठी तरी हवी आहेत. हा प्रश्न कोणी अर्ज लिहून विचारला असता तर कदाचित उत्तर मिळालंही असतं. गिरणीकामगारांनी तो २९ ऑक्टोबरला विचारला, हजारभरांच्या जमावानं इस्पितळावर चाल करून. त्यानंतर सरकारनं सक्तीची अट सैल केली. शहरातले भंगी आणि हलालखोर घाबरून पळाले तर मुंबईत राहणंच अशक्य होईल, ही भीतीही त्यामागे होती.

ऐकण्याचा हा पहिला प्रसंग. पण जमावाचं ऐकलं गेलं की जमावाला धडाही तोच मिळतो. पुढे ९ मार्च १८९८ला मुंबईत दुसरी, अधिक रक्तरंजित दंगल झाली. तिचं निमित्त होतं एका जुलाहा विणकराच्या घरातली आजारी मुलगी. तिला तपासायला आलेल्यांना घरच्यांनी आत येऊ दिलं नाही.

*

पुण्याची गोष्ट याच्या मधली. ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोग कायदा झाला. अवघी चार कलमं. त्यातलं शेवटचं कलम असं की या कायद्याखाली सद्‌हेतूनं केलेल्या कोणत्याही कृतीबद्दल कोणावरही दावा लावता येणार नाही. वकिलांना त्यात सरकारी संरक्षण दिसतं. मला त्यात दुसरं दिसलं. ज्याच्या घरात शिरणार, त्याला उलट विचारण्याची सोय या कायद्यात पहिल्या दिवसापासून ठेवलेलीच नव्हती.

प्लेग कमिटीचे अध्यक्ष म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड आले. साताऱ्याकडे असताना वाईतल्या वाद्यांच्या खटल्यात ब्राह्मण पुढाऱ्यांना तुरुंगात धाडणारे म्हणून त्यांचं नाव पुण्याला आधीच ठाऊक होतं. म्हणजे माणूस दारात येण्याआधी त्याची कीर्ती आत आलेली होती. घरझडतीसाठी त्यांनी गोरे सैनिक निवडले, डरहॅम पलटणीचे. कारणं कागदावर बिनतोड होती: सैनिक शिस्तीचे, सांगितलेलं काम पुरं करणारे, लाच न घेणारे आणि ताबडतोब मिळणारे. देशी-विलायती मिळून नऊशेच्या आसपास माणसं या कामावर होती.

रँड यांना दुष्ट ठरवलं की गोष्ट सोपी होते. ती तितकी सोपी नव्हती. पुण्यात माणसं मरत होती. लोक रुग्ण लपवत होते आणि प्रेतंही. आजारी माणूस वेगळा ठेवला पाहिजे हे टिळकांनाही मान्य होतं. साथीची भीती दाखवून शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी टीका केली आणि स्वतः पुण्यातच राहिले. मतभेद 'काय करायचं' याबद्दल फार थोडे होते. ते होते 'कसं' आणि 'कोणी' याबद्दल.

आता एखाद्या वाड्यातली सकाळ डोळ्यांसमोर आणा. सूचना छापलेल्या आहेत, मराठीतही. पण १९०१च्या खानेसुमारीप्रमाणे देशात शंभरातली पाचच माणसं साक्षर होती. पुणे शहरात ती जास्त असतील, तरी स्वयंपाकघरातल्या बाईपर्यंत छापील कागद पोहोचत नसे. तिच्यापर्यंत पोहोचतो तो बुटांचा आवाज. बूट उंबऱ्यावर थांबत नाहीत, ओसरी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर असे आत येतात. ज्या घरात स्वतःचा मुलगाही आंघोळ केल्याशिवाय चुलीपाशी जात नाही, तिथे बूट घातलेला परका सैनिक उतरंडीतली मडकी हलवून बघतो. तो काही तरी बोलतो. ते कोणाला कळत नाही. घरातली म्हातारी काही तरी ओरडते. ते त्याला कळत नाही.

या दोघांच्या मध्ये एक माणूस उभा असे. झडतीच्या प्रत्येक तुकडीबरोबर एक देशी गृहस्थ असावा, अशी योजना होती. त्या माणसाचा विचार मी अलीकडे फार करतो. त्यानं काय भाषांतर केलं असेल? सैनिक म्हणतो, सगळ्यांना बाहेर उभं करा. तो म्हणतो, "आई, जरा ओटीवर या." म्हातारी म्हणते, सुनेला दिवस गेलेत, तिला उन्हात उभी करू नका. तो सैनिकाला काय सांगतो? बहुधा काहीच नाही. कारण त्याला सैनिकाचा धाक आहे, म्हाताऱ्या बाईची लाज आहे, आणि अजून चाळीस घरं बाकी आहेत. मधल्या माणसाचं काम शब्द बदलून देण्याचं असतं असा आपला समज असतो. खरं तर त्याला दोन्हीकडच्या भीती एकमेकांना समजावून सांगायच्या असतात. मीही आत्यासाठी मधला माणूसच होतो. 'एनबीएम'चं मी भाषांतर केलं, आणि ते चुकलं. का, तर त्यामागची श्वासनलिका मी सांगितली नाही. मलाच ती ठाऊक नव्हती.

पुढचा अडसर शरीराचा. प्लेगाची गाठ येते जांघेत, काखेत किंवा मानेशी. 'ग्रंथिक सन्निपात' हे तिचं वर्तमानपत्री नाव, लोक नुसतं 'गाठ' म्हणत. ती शोधायची तर कपडे बाजूला करावे लागतात. रेल्वे स्टेशनांवर प्रवाशांना गाडीतून उतरवून अशी तपासणी होई. पुण्यात ती रस्त्यात, उघड्यावर, पुरुषांकडून झाल्याच्या तक्रारी होत्या. डॉक्टरच्या दृष्टीनं ती एक लसिकाग्रंथी. ज्या बाईच्या पदराला परका हात लागतो, तिच्या दृष्टीनं पुढचं सगळं आयुष्य. नवरा नांदवील का, जातीत घेतील का, विहिरीवर बायका काय बोलतील.

रँड यांच्या अहवालात एक नोंद आहे. बाईच्या अब्रूला मुद्दाम धक्का लावल्याची एकही विश्वासार्ह तक्रार कमिटीकडे आली नाही, याबद्दल त्यात समाधान व्यक्त केलं आहे. ही नोंद खोटी असेलच असं मी म्हणत नाही. तक्रार खरोखरच आली नसेल. कोण करणार होतं? तक्रार करायची तर नाव सांगावं लागे, आणि नाव सांगितलं की अब्रू दुसऱ्यांदा जाई. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच कचेरीत ती द्यायची. तिथेही इंग्रजी, तिथेही बूट. इस्पितळांच्या अभिप्राय-पेट्या रिकाम्या दिसल्या की मला ही नोंद आठवते. पेटी रिकामी आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजणारे अधिकारी आजही असतात.

*

या शांततेची किंमत गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मोजली. ते तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. पुण्याच्या मित्रांकडून त्यांना पत्रं येत होती. त्यांच्या आधारे त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये सांगितलं की सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतल्या एकीनं जीव दिला. खळबळ उडाली, पुरावा मागितला गेला. गोखले परतले तेव्हा पुराव्यासाठी कोणी पुढे यायला तयार नव्हतं, आणि पत्रं लिहिणाऱ्यांची नावं ते उघड करणार नव्हते. त्यांनी गव्हर्नरांची आणि सैनिकांची बिनशर्त माफी मागितली. ही माफी त्यांच्या विरोधकांनी त्यांना कित्येक वर्षं विसरू दिली नाही.

त्या दोन स्त्रियांचं खरं काय झालं, हे आता कळण्याचा मार्ग नाही. पण सगळ्याच बायका गप्प नव्हत्या. पंडिता रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून प्लेगाच्या इस्पितळात बायकांचे कसे हाल होतात, ते स्वतःच्या नावानं सांगितलं. त्या लिहू शकल्या, कारण त्यांना इंग्रजी येत होतं, छापणारं वर्तमानपत्र होतं, आणि समाजानं त्यांना आधीच वाळीत टाकलेलं असल्यानं गमावण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. एखाद्या बाईला आपलं दुखणं सांगता येण्यासाठी एवढं सगळं जुळून यावं लागत होतं.

२२ जून १८९७ला, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर चापेकरांनी रँड यांच्यावर गोळी झाडली. त्यांच्या मागच्या गाडीतले लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेले, रँड ३ जुलैला. पुढचं शाळेच्या पुस्तकात आहे. बोलण्याच्या सगळ्या वाटा बंद झाल्या की शेवटी काय बोलतं, एवढंच इथे नोंदवतो. खुनाचं समर्थन करावं असं मला वाटत नाही, आणि तो फक्त खुनी माणसाच्या डोक्यातून निघाला असंही वाटत नाही.

*

त्याच प्लेगात, त्याच पुण्याजवळ, दारात दुसऱ्या प्रकारची माणसंही उभी राहिली. सावित्रीबाई फुले तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. त्यांचा मुलगा यशवंत लष्करात डॉक्टर होता, त्याला त्यांनी बोलावून घेतलं आणि हडपसरजवळच्या माळावर प्लेगग्रस्तांसाठी दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतल्या एका गायकवाड कुटुंबाच्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ला त्या गेल्या. पुण्यातल्या लष्करी झडत्या सुरू झाल्या त्या याच महिन्यात.

तो मुलगाही घरातून हलवला गेला होता. तोही आई-बापांपासून दूर, दवाखान्यातच नेला गेला. साथरोग कायद्याला जे करायचं होतं, नेमकं तेच सावित्रीबाईंनी केलं. पण त्या वस्तीत त्यांची ओळख पन्नास वर्षांची होती. दारात कोण उभं आहे हे विचारायची तिथे गरज नव्हती.

टिळकांनी हिंदूंसाठी प्लेगाचं वेगळं इस्पितळ उभं केलं. मुंबईत जनरल गॅटेकर यांच्या कमिटीनंही पुढे समाजासमाजांना आपापली इस्पितळं काढू दिली. आज जातवार इस्पितळ म्हटलं की आपल्याला खटकतं, आणि खटकायलाच हवं. ज्यांच्या जातीकडे इस्पितळ काढायला पैसे नव्हते, त्यांना सरकारी छपरीच उरली. पण ही इस्पितळं भरली, याचं कारण समजून घ्यायला हवं. तिथे घरचं माणूस उशाशी बसू शकत होतं. पाणी कोणाच्या हातचं, हा प्रश्न मिटला होता. मेल्यावर अंत्यविधी कोण करणार हे ठाऊक होतं.

खरं तर वेगळं ठेवणं ही कल्पना आपल्या समाजाला नवीन नव्हतीच. सोवळं, सुतक, सोयर या शब्दांवर जगणाऱ्यांना 'शिवू नका' हे समजावून सांगायची काय गरज? देवी आलेल्या घराच्या दाराला कडुलिंबाचा टाळा बांधला की परका माणूस आत येत नसे. ती खूण होती, आणि ती घरच्यांनीच बांधलेली असे. सरकारला हे व्याकरण आयतं मिळालं असतं. पण आपल्या रिवाजात घर वेगळं होई आणि आजारी माणूस घराच्या मायेत राही. सरकारच्या रिवाजात माणूसच घरापासून तोडला जाई. दोन्ही बाजू 'वेगळं ठेवा' म्हणत होत्या, आणि दोघांच्या मनात वेगळंच होतं, आमच्या 'उपाशी'सारखं.

लशीचंही असंच. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये काही महिन्यांत प्लेगाची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर चाचणी झाली. लोक घाबरतच होते. तेव्हा विशीतही न पोहोचलेल्या तिसऱ्या आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर, सगळ्यांना दिसेल अशी, लस टोचून घेतली. एका उघड्या दंडानं जे झालं, ते नुसत्या पत्रकांनी झालं नसतं. विश्वास मिळवायला असा वेळ लागतो, आणि जायला एक बाटली पुरते. ऑक्टोबर १९०२मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वातानं मेले. हाफकिनांना कामावरून दूर केलं गेलं. बाटली गावात उघडताना चूक झाली असण्याचा संभव पुढे आला आणि १९०७मध्ये त्यांच्यावरचा ठपका दूर झाला. परळच्या प्रयोगशाळेला १९२५मध्ये त्यांचं नाव मिळालं. दोषमुक्तीचे कागद मात्र गावोगाव पोहोचत नाहीत. पोहोचते ती बाटली.

*

आता आत्याच्या उंदराकडे येतो.

१८९७मध्ये सरकारी उपाय काय होते? रुग्ण हलवणं, जमीन खणणं, भिंतींना चुना, मोऱ्यांत जंतुनाशक, कपडे-अंथरुणांची होळी. सगळा भर घाणीवर आणि माणसाच्या स्पर्शावर. १८९८मध्ये पॉल-लुई सिमोंड या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत प्रयोग करून दाखवलं की प्लेग उंदरावरच्या पिसवेतून येतो. उंदीर मेला, अंग थंड पडलं, की पिसवा दुसरं अंग शोधतात. सिमोंडचं म्हणणं मान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. मान्य झालं तेव्हा लक्षात आलं की गाठीचा प्लेग झालेला माणूस शेजारच्याला सहसा तो देत नाही. ज्या गोष्टीसाठी सर्वांत जास्त बळ वापरलं, तिचा उपयोग सर्वांत कमी होता. उलट खणाखणीनं आणि जंतुनाशकांनी बिथरलेले उंदीर शेजारच्या घरात जात असणार.

आणि लोक काय करत होते? उंदीर पडला की घर सोडत होते. पिसवेबद्दल त्यांना काही ठाऊक नव्हतं. पण क्रम ठाऊक होता: आधी उंदीर, मग माणूस. सरकारी अहवालांत मेलेल्या उंदरांचे उल्लेख नाहीत असं नाही, आणि वस्ती रिकामी करून छावण्या उभारण्याचा उपाय पुढे सरकारनंही केला. पण १८९७च्या त्या वसंतात झडतीच्या तुकडीला एकच प्रश्न विचारायचा होता: घरात कोणी आजारी आहे का? त्याचं उत्तर लोक खोटं देत होते. "तुमच्याकडे उंदीर कधी पडले?" असं कोणी विचारलं असतं, तर म्हाताऱ्या बायकांनी खरं, तारीखवार सांगितलं असतं. त्या उत्तरासाठी कोणाला धरून नेलं जाणार नव्हतं.

प्लेगानं हिंदुस्थानात पुढच्या तीन दशकांत एक कोटीहून जास्त माणसं नेली. नुसत्या चांगल्या बोलण्यानं ती वाचली असती, असा माझा दावा नाही. औषध नव्हतं, ते प्रतिजैविकांबरोबर आलं. पण लपवलेला प्रत्येक रुग्ण आणि न सांगितलेला प्रत्येक उंदीर या हिशेबात कुठे तरी आहेच.

मार्च २०२०मध्ये तोच १८९७चा कायदा पुन्हा बाहेर काढला गेला. महाराष्ट्रात विलगीकरणातल्या माणसांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले, दारांवर कागद चिकटले. माणसं पुन्हा लपवू लागली. आमच्या सोसायटीत एक कुटुंब दहा दिवस खोकला दाबून राहिलं. मग 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघरी माणसं आली. आत्याच्या गावात आली ती गावातलीच आशाताई. तिनं आत्याला आधी विचारलं, "काकू, गुडघा कसा आहे?" मग ताप मोजला. आत्यानं तिला सगळं सांगितलं, अगदी आठ दिवसांपूर्वी वास येत नव्हता तेही. घरच्यांनाही तिनं ते सांगितलं नव्हतं. आजीचा धडा तिला आठवला नाही, कारण दारात दवाखान्याचा माणूस उभा नव्हता, शेवंताच्या घरची सून उभी होती.

*

ऑपरेशनची पुढची तारीख चार दिवसांनी मिळाली. या वेळी मी आत्याला आदल्या दिवशीच माझ्या घरी आणलं आणि अन्न श्वासनलिकेत कसं जातं ते कागदावर काढून दाखवलं. तिनं नीट बघितलं. "म्हणजे ठसका लागतो तसं. झोपेत. आणि खोकता येणार नाही," ती म्हणाली. माझ्या चित्रापेक्षा हे चांगलं होतं. "मग असं सांगायचंस की आधीच."

सकाळी दुसऱ्या सिस्टर होत्या, वयानं मोठ्या. त्यांनी 'उपास' म्हटलं नाही, 'उपाशी' म्हटलं नाही. खाटेच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, "आजी, काल रात्रीच्या जेवणापासून आत्तापर्यंत तोंडात काय काय गेलं, ते मला सांगा बरं."

आत्यानं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"काही नाही. पाण्याचा थेंबसुद्धा नाही." थोडं थांबून म्हणाली, "पहाटे मशेरी लावली तेवढी."

मी डोक्याला हात लावला. सिस्टर हसल्या नाहीत. "थुंकली ना? गिळली नाही? चूळ भरताना पाणी पोटात गेलं?" त्यांनी एकेक विचारून घेतलं, लिहून घेतलं आणि भूलतज्ज्ञांना सांगायला गेल्या. अर्ध्या तासानं आत्याला आत नेलं.